विमाननगरात वंशभेद आणि वर्ग यावर खुल्या गप्पा ठेवायच्यात, कोणी असं काही केलंय का?

विमाननगर_मृणाल

नमस्कार मंडळी. जरा मोठं आहे, सांभाळून घ्या. आमची सोसायटी विमाननगरात, निम्म्याच्या वर फ्लॅट भाड्याने गेलेले, कॉलेजची पोरं आणि आयटीवाले. मागे एका विंगमध्ये रात्री पार्टी झाली, दणादण गाणी, कोणीतरी पोलिसांना फोन केला, ते आले आणि समज देऊन गेले. पार्टीवाली पोरं दिल्ली आणि नागपूरची होती हे दुसऱ्या दिवशी कळलं, पण तोवर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले होते की यापुढे आफ्रिकन आणि नॉर्थ ईस्टचे भाडेकरू नकोत, ठरावच करून टाकू. त्याच मजल्यावर दोन सुदानी मुलं राहतात, फार्मसी शिकतात, ती त्या रात्री पुण्यातच नव्हती. मी लिहिलं की अहो त्यांचा काय संबंध, तर उत्तर आलं "मॅडम तुमच्या शेजारी ठेवा मग" आणि त्याच्याखाली अंगठ्यांची रांग.

आता पुढची गंमत ऐका. त्याच मीटिंगच्या विषयपत्रिकेवर दुसरा विषय होता, कामवाल्या मावशींनी मेन लिफ्ट वापरायची नाही, सर्व्हिस लिफ्टनेच जायचं. सर्व्हिस लिफ्ट सारखी बंद असते आणि आमच्या मावशींचे गुडघे गेलेत. सुदानी मुलांच्या बाजूने माझ्यासोबत भांडलेल्यांपैकी दोघांनी लिफ्टच्या ठरावाला हात वर केला!! मला काही बोलायलाच सुचेना.

तर आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलंय की यावर उघड बोललं पाहिजे, नुसतं ग्रुपवर नको. सध्याचा प्लॅन असा: रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटीचं क्लबहाऊस, एक प्राध्यापक, एक आफ्रिकन विद्यार्थी, एक नॉर्थ ईस्टची मुलगी, प्रत्येकाने आपापले अनुभव सांगायचे, मग प्रश्नोत्तरं आणि शेवटी सगळ्यांनी आपापल्याकडचा पदार्थ आणायचा. कोणी असं काही केलंय का? वंशभेद आणि वर्ग एकाच बैठकीत घ्यावे की वेगवेगळे? मराठीत करावं की हिंदीत? आणि भांडणं झाली तर काय?

नांदेडचा_पेठेत

ताई चांगलं करताय, पण तुमच्या यादीत एक माणूस नाहीये आणि तो म्हणजे मी. मी इथला, मराठी बोलणारा, कागदोपत्री महाराष्ट्राचाच. एमपीएससीसाठी आलो तेव्हा नारायण पेठेत रूम बघत होतो, मालकांनी पूर्ण नाव विचारलं, मी माझं आणि वडिलांचं सांगितलं. आडनाव? सांगितलं. मग थोडा वेळ गप्प, मग "नॉनव्हेज चालतं का तुम्हाला", मी म्हटलं रूमवर नाही करणार, मग "बघतो, एकजण आधी बोलून गेलाय". तासाभराने माझा मित्र गेला, आडनाव कुलकर्णी, माझ्याच गावचा, माझ्याच शाळेतला, उलट मटण माझ्यापेक्षा दुप्पट खातो, त्याला चावी मिळाली. मालकांनी त्याला चहा पण दिला म्हणे 😂 आता हसतो, तेव्हा अभ्यासिकेत जाऊन नुसता बसून होतो.

आता कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, कपडे वाळत घालायची दोरी माझ्या कॉटवरून जाते. इथे कोणी आडनाव विचारलं नाही कारण इथे कोणालाच राहायचं नसतं. म्हणून म्हणतो, वंशभेद म्हटलं की आपल्या लोकांना टीव्हीवरची अमेरिका आठवते आणि सगळे लगेच हळहळतात. सुदानी मुलाला घर नाकारणारा आणि मला नाकारणारा माणूस एकच आहे हो, त्याच्याकडे दोन वेगवेगळ्या याद्या नाहीत. जात वगळून पुण्यात वंशभेदावर बोलणार असाल तर प्रोग्राम गोड होईल, टाळ्या पण पडतील.

विद्यापीठाला २०१४ ला सावित्रीबाईंचं नाव दिलं ते बरंच झालं, पण १८४८ ला भिडेवाड्यात शाळेत जाताना त्यांच्यावर शेण टाकणारे काही बाहेरगावाहून आले नव्हते.

औंधचे_काका

घरमालकाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. माझा एक फ्लॅट मी परदेशी विद्यार्थ्याला दिला होता. मुलगा सभ्य होता, वाद नाही. पण त्याच्या व्हिसाच्या मुदतीचा काहीतरी घोळ झाला आणि मला दोनदा पोलीस चौकीत जाऊन बसावं लागलं, साठीनंतर हे नको वाटतं. परदेशी माणूस राहायला आला की त्याची नोंद करायचा सी फॉर्म का काय तो मी भरलाच नव्हता, मला माहीतच नव्हतं, एजंट म्हणाला होता तुम्ही काळजी करू नका. तेव्हापासून ठरवलं की फॅमिली आणि भारतीय. मला रंगाशी काही घेणंदेणं नाही, मला डोक्याला ताप नको एवढंच. उठसूट आम्हाला वंशवादी म्हणायचं हे पण बरोबर नाही. आणि आफ्रिकन लोक आपल्याकडे नवीन आहेत, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

इतिहासाची_खाज

काका बाकी चालू द्या, पण "नवीन" नका म्हणू प्लीज. मलिक अंबर इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी गाव वसवलं तेच पुढे औरंगाबाद झालं, त्याची नहर अजून दाखवतात. जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या चौथीच्या पुस्तकात होते. आणि पुण्यात इराणी, आफ्रिकन विद्यार्थी तुमच्या-माझ्या तरुणपणापासून आहेत, सिम्बायोसिस १९७१ ला मुजुमदार सरांनी काढली तीच मुळी परदेशी विद्यार्थ्यांना इथे कोणी आपलं असावं म्हणून. पन्नास वर्षं पुरतात की सवय व्हायला.

खडकी_बाजार

मृणालताई, तुमच्या प्लॅनमधली ती "नॉर्थ ईस्टची मुलगी" मी असते. बाबा साताऱ्याचे, आई मणिपूरची, मी खडकीत वाढले, शाळा मराठी माध्यम. त्यामुळे ऐका.

मंडईत मी "कोथिंबीर कशी दिली" विचारते, भाजीवाल्या काकू "बीस रुपया" म्हणतात. मी परत मराठीत बोलते, त्या परत हिंदीत. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात येतं आणि मग शेजारच्या गाळ्यावाल्याला हाक मारून दाखवतात, "ऐकलं का हिचं मराठी, किती गोड बोलते बघा". त्यांच्या मनात काही वाईट नसतं आणि मला रागही येत नाही, पण हे आयुष्यभर, आठवड्यातून दोनदा, इमॅजिन करा. २०२० मध्ये डेअरीवर रांगेत उभी होते तर मागून "कोरोना" म्हणून ओरडले, ती पोरं आमच्याच शाळेची होती, युनिफॉर्मवरून कळलं.

आणि २०१२ चा ऑगस्ट कोणाला आठवतो का? आसाममध्ये दंगली झाल्या आणि इकडे एसेमेस फिरायला लागले की नॉर्थ ईस्टच्या लोकांना मारणार आहेत, पुण्यात काही पोरांना मारहाण झाली पण होती. बंगलोर आणि पुण्यातून लोक गाड्या भरभरून निघून गेले, सरकारने शेवटी बल्क एसेमेसवर १५ दिवस बंदी घातली. माझी मावशी कोरेगाव पार्कात पार्लरमध्ये होती, ती आझाद हिंदने हावड्याला गेली आणि तिथून पुढे, सामान इथेच टाकून. बाबा स्टेशनवर सोडायला गेले होते, सारखं म्हणत होते थांब गं, काही होत नाही. तिचा गॅस आणि शिलाई मशीन आमच्याकडे बरीच वर्षं होतं, ती परत आलीच नाही. आमच्या शेजारच्या काकू तेव्हा आईला म्हणाल्या तुम्ही घाबरू नका, तुम्ही आमच्याच. चांगल्या भावनेने म्हणाल्या. पण आई त्या आठवड्यात दूध आणायला पण बाहेर पडली नाही.

मुद्दा असा की मला स्टेजवर बसवून "तुझा अनुभव सांग" म्हणू नका. मी सांगते, लोक च्च च्च करतात, एखाद्या बाईच्या डोळ्यात पाणी येतं, मग सगळे मोमो खातात आणि सोमवारी ब्रोकरचा मेसेज तोच, ओन्ली फॅमिली ओन्ली व्हेज. त्यापेक्षा घर नाकारणाऱ्यांना बोलतं करा. औंधच्या काकांसारख्यांना. सिरीयसली म्हणतेय, टोमणा नाही. निदान त्यांनी खरं कारण लिहिलं.

सिअ‍ॅटलहून_मंदार

आमच्याकडे सिटी कौन्सिलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याआधी सुनावणीला रांगा लागल्या होत्या, दोन्ही बाजूंचे लोक, दोन्हीकडे देशीच. मराठी मंडळातले एरवी गणपतीत एकत्र मोदक वळणारे लोक त्या दिवसांत एकमेकांशी बोलत नव्हते. सांगायचं एवढंच की गोऱ्यांनी आपल्याला ऑफिसात वेगळं वागवलं तर आपण तासभर बोलतो आणि जातीचा विषय निघाला की आपल्यातलेच म्हणतात इथे कुठे असतं ते. पुण्यातही तेच होणार, तयारी ठेवा.

नांदेडचा_पेठेत

@सिअ‍ॅटलहून_मंदार भारी. पण दादा पुण्यात आलात की कोणत्या एरियात राहता ते पण सांगा कधीतरी 😄

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं, कारण बैठकीत कोणीतरी हमखास "हे बेकायदेशीर आहे" म्हणून ओरडणार आणि समोरचा "दाखवा कलम" म्हणणार.

घटनेच्या १५(२) मध्ये, म्हणजे जिथे जात-धर्म-वंश बघून कोणाला अडवता येत नाही त्या यादीत, दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. भाड्याचं घर त्या यादीत नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम मान्य केला होता, सोसायट्यांचे वकील तोच निकाल पुढे करतात. म्हणजे एखाद्या मालकाने मनातल्या मनात नकार दिला तर कोर्टात फार काही हाती लागत नाही, हे कटू आहे पण आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटी लागते, नॉर्थ ईस्टचे बरेच जण अनुसूचित जमातीत येतात हे लोकांना माहीत नसतं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला तेव्हा बेझबरुआ समितीने वंशावरून छळ केला तर वेगळं कलम हवं असं सुचवलं होतं. समिती आपण लगेच नेमतो.

पण मृणालताई, तुमचा सोसायटीचा ठराव ही वेगळी भानगड आहे. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, बघा, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. अमुक लोकांना देऊ नका हे ठरवायचा कमिटीला अधिकारच नाही, आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून घेतात ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. लेखी मागा ठराव. लेखी मागितलं की अर्धे ठराव विरून जातात असा माझा अनुभव आहे.

कॉलेजात घडलं तर यूजीसीच्या २०१२ च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमायला सांगितलं होतं. तुमच्या जवळच्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे एवढं एक विद्यार्थी विचारून आला तरी बैठकीला अर्धा तासाचं काम मिळेल.

दांडेकरपूल_शैला

मी वस्तीत संघटनेचं काम करते, अशा बैठका बऱ्याच घेतल्या, काही फसल्या काही जमल्या. सरळ सांगते, राग मानू नका.

क्लबहाऊस नको. तुमच्या क्लबहाऊसच्या गेटवर मावशींना नाव लिहावं लागतं, अ‍ॅपवर फोटो निघतो, बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी लागते, आणि त्याच गेटमधून त्यांनी तुमच्याशी बरोबरीने बोलायला यायचं? येतील, भिंतीला टेकून बसतील, विचारलं की "आमचं काही नाही ताई, सगळं बरंय" म्हणतील. कारण समोर बसलेल्या मॅडमकडे उद्या भांडी घासायला जायचंय. नागपूर चाळीकडे किंवा येरवड्यात एखादं समाजमंदिर बघा, तुमच्याकडून लांब नाही, आणि सोसायटीवाल्यांना तिकडे न्या. एकदा तरी चप्पल बाहेर काढून ते पाहुणे म्हणून बसू देत.

रविवार ११ हा ज्यांना रविवारी सुट्टी असते त्यांचा टाइम आहे. मावशींना रविवारी जास्त काम असतं, पाहुणे येतात ना तुमच्याकडे. सलूनमधल्या नॉर्थ ईस्टच्या पोरींना तर रविवारी मान वर करायला वेळ नसतो, त्यांची सुट्टी मधल्या वारी. आमच्याकडे बैठका रात्री साडेआठला होतात, स्वयंपाक उरकून बाया येतात, लहान पोरं मांडीवर झोपतात. दहाच्या आत संपवायची, सहाचं पाणी भरायचं असतं.

अनुभवकथन नको हे त्या खडकीच्या पोरीने बरोबर सांगितलं. आम्ही काय करतो, एक वस्तू मध्ये ठेवतो आणि फक्त त्याच्यावर बोलायचं. एकदा भाड्याची डिपॉझिट घेतली होती. कोणी किती भरलं, परत किती मिळालं, कापले तर काय कारण सांगून कापले. तासाभरात बिहारचा वॉचमन, लातूरची पोरगी आणि एक मणिपूरचा कुक, तिघांचं गणित सारखंच निघालं, "रंग द्यायचाय" म्हणून कापलेले पैसे. त्या दिवशी कोणाला हळहळ करायची गरजच पडली नाही, सगळे चिडले होते आणि चिडून यादी करायला लागले. तुमच्याकडे लिफ्ट आहे. लिफ्ट ठेवा मध्ये. कोण चढतं, कोण नाही, कुत्रं चढतं का, स्विगीवाला चढतो का, सुदानी पोरं आत आली की कोण पुढची लिफ्ट येऊ दे म्हणून थांबतं. वंश आणि वर्ग वेगवेगळे घ्यायचे का विचारलंत ना, लिफ्टमध्ये तुम्हाला वेगळे करता येतात का बघा.

भाषा मिसळ चालू द्या. प्राध्यापकाला बोलवा पण शेवटून बसवा, एकदा माइक हातात आला की त्यांचं आवरत नाही (आमचे एक सर चाळीस मिनिटं मार्क्स आणि फुले बोलले, बायांची कामं चुकली).

आणि हो, भांडण झालं तर होऊ द्या. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, घराघरातली भांडी तशीच पडली, तेव्हा कुठे पगार वाढला आणि सुट्टीचं बोलणं सुरू झालं. घरकामगारांसाठी कायदा यायला २००८ उजाडलं. गोड बोलून यातलं काही झालेलं नाही.

विमाननगर_मृणाल

बापरे, मला दोन-तीन टिप्स हव्या होत्या, तुम्ही सगळा प्लॅनच उलटा केलात 😅 पण पटतंय. काल आमच्या मावशींना विचारलं की बैठकीला याल का, तर त्यांनी आधी विचारलं "तळमजल्यावरच्या मॅडम येणारेत का?" त्या येणार असतील तर मी नाही म्हणाल्या. तळमजल्यावरच्या मॅडम म्हणजे आमच्या गटातल्याच, सुदानी मुलांसाठी सगळ्यात जास्त भांडलेल्या. आता त्यांना हे कसं सांगायचं हा माझ्यापुढचा नवीन प्रॉब्लेम.

समाजमंदिरासाठी एका ओळखीच्यांशी बोलले, बुधवारी रात्री मिळतंय. पदार्थ वगैरे रद्द, चहा आणि पारले जी. ठराव लेखी द्या असा मेल सेक्रेटरींना टाकलाय, अजून उत्तर नाही. सुदानी मुलांना विचारलं, एकजण म्हणाला येतो पण बोलणार नाही, दुसऱ्याची परीक्षा आहे. @खडकी_बाजार तू ये ना, बोलू नकोस, नुसती ये.

खडकी_बाजार

बुधवारी जमेल. बोलू नकोस म्हटल्यावर तर नक्कीच बोलेन.

दांडेकरपूल_शैला

तळमजल्यावरच्या मॅडमना खरं सांगा. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. पण पहिल्या बुधवारी त्यांना नका बोलवू, दुसऱ्या बुधवारी बोलवा. पहिली बैठक बायांची एकट्याची होऊ दे, म्हणजे दुसऱ्या वेळी त्या टेकून बसणार नाहीत.

औंधचे_काका

मी पण येऊ शकतो, औंधवरून लांब पडतं पण बघू. मला शिव्या पडणार असतील तर आधी सांगा, बीपीची गोळी घेऊन येतो. आणि कोर्टाच्या पायरीवाल्यांना एक विचारायचं होतं, माझा फ्लॅट सध्या रिकामाच आहे. परदेशी मुलाला द्यायचा झाला तर ते सी फॉर्मचं नक्की कोणी भरायचं, मी का एजंटने?

कोर्टाची_पायरी

तुम्ही, काका. मुलगा राहायला आल्यापासून २४ तासांत, ऑनलाइन. पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी आधीच मागून ठेवा. मुलाची स्वतःची नोंदणी वेगळी, ती त्याची जबाबदारी, व्हिसा १८० दिवसांच्या वरचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत. भाडेकरार नोंदवायची जबाबदारी पण मालकाची, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, हे भारतीय फॅमिलीला दिला तरी लागतंच. तुम्ही केलीय का नोंद आत्तापर्यंत?

औंधचे_काका

नाही 🙏 बुधवारी पत्ता टाका.